ब्रेक फेल झाला, असं आम्ही लिहितो

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात घाटातल्या अपघाताच्या किती बातम्या लिहिल्या याचा हिशोब नाही. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, यवतेश्वर, कात्रज. प्रत्येक बातमीत दोनपैकी एक वाक्य ठरलेलं. एक तर 'चालकाचा ताबा सुटल्याने', नाहीतर 'ब्रेक निकामी झाल्याने'. पोलीस स्टेशनला फोन करायचा, ड्यूटीवरचे हवालदार सांगतात "ब्रेक फेल", आपण टाइप करायचं आणि पान सोडायचं. ब्रेक फेल म्हणजे नक्की काय झालं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आता खोटं कशाला बोलू.

विचारायची वेळ आली ती मामांच्या फियाटमुळे.

मामा सांगलीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे १९६८ ची फियाट ११०० डिलाईट आहे, १९७६ साली सेकंडहँड घेतलेली. रंग मूळचा फिकट निळा. गेल्या वर्षी मामांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ब्रेक दाबायला पायात जोर राहिला नाही. या गाडीचा ब्रेक म्हणजे थट्टा नाही. आजच्या गाडीत आपण पाय नुसता टेकवतो, तिथं फियाटला अक्षरशः उभं राहून दाबल्यासारखं दाबावं लागतं. मामांचा मुलगा पुण्यात असतो, तो म्हणाला विकून टाका. मामी म्हणाल्या गाडी राहू दे, पण चालवू नका. मामांनी मला फोन करून सांगितलं, "लेका, तुझ्या ओळखीत चांगला मिस्त्री बघ. हिला पॉवर ब्रेक बसवायचाय."

तिथनं सुरू झालं. तीन महिने मिरजेच्या एका गॅरेजमध्ये बसून जे ऐकलं, मग घरी येऊन जे वाचलं, ते इथं मांडतोय. कारण हा विषय एका फियाटपुरता राहिला नाही.

आधी ही गाडी आली कुठनं ते बघू, कारण तिच्यात आपल्या भागाचा इतिहास आहे. फियाट ११०० भारतात बनवायची ती प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुंबईत कुर्ल्याला. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. वालचंद सोलापूरचे. सांगलीकरांना हे नाव कॉलेजमुळे माहीत असतं. विश्रामबागचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि १९५५ मध्ये त्याला वालचंदांचं नाव दिलं गेलं. सातारकरांशी असलेला धागा मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. लोखंडी नांगर बनवले, १९३३ मध्ये डिझेल इंजिन बनवलं. देशातलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून ते ओळखलं जातं. हेच कूपर १९३७ मध्ये तीन-साडेतीन महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे. म्हणजे या इलाख्याचा पहिला पंतप्रधान आमच्या सातारा रोडचा कारखानदार! पुढे तो कारखाना वालचंद समूहाकडे गेला. इकडे कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी केलेलीच होती. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम या पट्ट्याला शंभर वर्षांपासून येतं. ब्रेकचा ड्रम म्हणजे तरी दुसरं काय, बिडाचं ओतकामच.

प्रीमियरने १९४७ पासून आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, डॉज आणि तिची भावंडं. पन्नासच्या दशकात फियाट आली. ज्यांचं वय साठच्या पुढं आहे त्यांना डॉज आणि फार्गो ट्रक आठवत असतील. गुळाच्या ढेपा आणि हळदीची पोती भरून जायचे. ते पण कुर्ल्याचेच.

आता ब्रेक.

बैलगाडी घाट उतरताना काय करायचे हे आजोबांकडून ऐकलंय. चाकाला लाकूड घासवायचं, नाहीतर चाक साखळदंडानं बांधून फरफटत न्यायचं. सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक याच्यापेक्षा फार पुढचे नव्हते. सळई, दोरखंड, तारा, आणि बहुतेकदा ब्रेक फक्त मागच्या चाकांना. चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक पहिल्यांदा विकायच्या मोटारीत आला तो अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीत, १९२१ मध्ये. तत्त्व शाळेत शिकलेलं, पास्कलचा नियम. पायानं एका छोट्या पंपात तेल दाबायचं, नळीतून तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. पंप म्हणजे मास्टर सिलेंडर. आपल्याकडं मिस्त्री लोक अजून 'पंप' म्हणतात.

पण माणसाच्या पायात जोर असून असून किती असणार? गाड्या जड झाल्या, वेग वाढला, तेव्हा पायाला मदत कुठून आणायची हा प्रश्न आला. पहिलं उत्तर फार गमतीशीर होतं. फ्रान्सच्या इस्पानो-सुइझा कंपनीने १९१९ मध्ये गिअरबॉक्सच्या फिरण्यातूनच ताकद घेऊन ती ब्रेककडे वळवली. म्हणजे गाडी पळतेय त्याच जोरावर गाडी थांबवायची. रोल्स-रॉईसने तीच कल्पना परवान्यावर घेतली. ती झाली राजेरजवाड्यांची गाडी. साध्या माणसाच्या गाडीपर्यंत पोचलं ते दुसरं उत्तर. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र या इंजिनिअरने विसाच्या दशकात काढलेला व्हॅक्यूम सर्व्हो. आजही बहुतेक पेट्रोल गाड्यांत बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला जो काळा गोल डबा दिसतो, तो त्याचाच नातू. गॅरेजच्या भाषेत बूस्टर.

मिस्त्रींनी मला ते टेबलावर उघडून दाखवलं. डब्याच्या मध्ये रबराचा पडदा. इंजिन चालू असताना हवा आत ओढतं, त्या ओढीनं पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. पायाने पॅडल दाबलं की एक झडप उघडते आणि पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा घुसते. एकीकडं हवा, दुसरीकडं पोकळी. पडदा ढकलला जातो आणि पंप दाबतो. हिशोब करून बघा. आठ इंची डब्याचं क्षेत्रफळ सुमारे सव्वातीनशे चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला सातशे ग्रॅमचा फरक धरला तरी सव्वादोनशे किलोचा धक्का. म्हणजे तीन धट्टीकट्टी माणसं तुमच्या पायाला मदत करतायत, फुकट.

आणि आता यातली गंमत. ही ताकद इंजिनची नाही, बाहेरच्या हवेची आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. म्हणजे ज्या उतारावर ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तिथंच बूस्टरची मदत थोडी घटते. रोजच्या गाडीत जाणवत नाही, कारण कंपनीने ते धरूनच डबा मोठा दिलेला असतो. जुन्या गाडीला भंगारातला कुठला तरी बारका बूस्टर बसवला की जाणवतं.

व्हॅक्यूम ब्रेक आपल्याला नवा नाही बरं का. पुणे-मिरज लाइनला मीटरगेज होती, तेव्हाच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेकच असायचा. पण तिथं उलटा कारभार. रेल्वेत पोकळी असेल तोवर ब्रेक सुटलेला. साखळी ओढली, नळी तुटली, डबा निसटला, काहीही झालं की हवा आत घुसते आणि ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर गाडी थांबते. मोटारीच्या बूस्टरमध्ये बिघाड झाला तर मदत जाते, आणि ब्रेकसाठी उरतो तो नुसता आपला पाय. दोन्हीचं नाव एक, स्वभाव उलटा. आताच्या ट्रकमध्ये जो एअर ब्रेक असतो त्याचा स्वभाव रेल्वेसारखा. टाकीतली हवा पार संपली की मागच्या चाकातल्या स्प्रिंगा ब्रेक धरतात. रस्त्यात मधोमध ट्रक लॉक होऊन उभा दिसतो ना, तो त्यामुळं.

हे मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हवा गेल्यावर ट्रक जागेवर धरत असेल, तर मग घाटात 'ब्रेक फेल' होऊन तो सुसाट खाली येतो तो कसा?

"तापून," मिस्त्री म्हणाले. "दादा, ब्रेक तुटून फेल होणारी गाडी शंभरात चार-दोन. बाकी सगळ्या तापून. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासनं लांब जातो. लायनर जळतं, ग्रिप देत न्हाय. दाबा किती बी."

कारमध्ये आणखी एक भानगड. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं कोरं डॉट-३ ऑईल २०५ अंशाला उकळतं. पाणी धरलेलं जुनं ऑईल १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते. पॅडल थेट तळाला. आता आपल्याकडचा पावसाळा बघा आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं ते आठवा. मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी बदलून घेतलं.

आता फियाटकडे परत. इटलीत याच गाडीचं १९६६ साली जे मॉडेल आलं, ११०० आर, त्यात पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, लवकर थंड होते. जॅग्वारने १९५३ च्या ल मान्सच्या शर्यतीत डिस्क लावून जगाला दाखवून दिलं होतं, १९५५ मध्ये सिट्रोएनने रोजच्या गाडीत आणली. इटलीच्या फियाटमध्ये आली. कुर्ल्याच्या फियाटमध्ये नाही आली. मामांची गाडी १९६८ ची, म्हणजे इटलीत डिस्क आल्यावर दोन वर्षांनी बनलेली, आणि तिला चारही चाकांना ड्रमच. पुढं १९७४ च्या सुमाराला तिचं नाव पद्मिनी झालं, पण सांगाडा तोच, आणि ही गाडी एकविसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत बनत राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून तर ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली.

का नाही आला बदल? कारण बदलायची गरजच नव्हती. परवाना राज. देशात मोटारी बनवणारे मोजून तीन. नंबर लावायचा, डिपॉझिट भरायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची. गाडी आली की हार घालून पेढे वाटायचे. दारात रांग असताना कुठला कारखानदार ब्रेक सुधारायला पैसे घालेल? अँबेसिडरचंही तेच, मूळ १९५६ ची मॉरिस ऑक्सफर्ड. काही लोक आता त्या काळाच्या आठवणी काढून गहिवरतात, तेव्हाच्या गाड्या कशा लोखंडी, दणकट. असतील. पण दणकट गाडीला अशक्त ब्रेक म्हणजे काय, ते त्या गाडीत बसून पसरणी उतरलेल्याला विचारा. मी उतरलोय.

१९८८ ची मे महिन्याची सुट्टी. मी आठ-नऊ वर्षांचा. मामा, मामी, आम्ही चार पोरं, टपावर वळकटी. पाचगणीहून वाईकडं उतरत होतो. मला एवढंच आठवतं की कुठंतरी रबर जळाल्यासारखा वास आला, मामी म्हणाल्या "अहो, हळू," आणि मामा काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हेच आठवतं. मग त्यांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. एका अंगाने खरडत खरडत थांबली. मामींच्या कपाळाला लागलं, माझा पुढचा एक दात गेला, बाकी सगळे धड. दुसऱ्या बाजूला दरी होती. वाईहून मिस्त्री आला, संध्याकाळी एसटीने घरी. घरात, गल्लीत, लग्नाकार्यात पुढं कायम एकच सांगितलं गेलं, "ब्रेक फेल झाला होता. पण मामांनी काय गाडी काढली!" मामा आमचे हिरो.

परवा गॅरेजमध्ये मिस्त्री बूस्टरबद्दल मामांना समजावत होते. म्हणाले, "काका, एक लक्षात ठेवा. इंजिन बंद केलं की हा डबा एक-दोन दाबच देतो. आत साठलेल्या व्हॅक्यूमवर. त्यानंतर पॅडल दगड. आता आहे त्यापेक्षा बी घट्ट लागंल तुमच्या पायाला. तेव्हा उताराला चावी फिरवायची न्हाय."

मामा गप्प बसले. मग मला म्हणाले, "त्या दिवशी पसरणीत मी इंजिन बंद केलं होतं."

सदतीस वर्षांनी.

पेट्रोल वाचवायला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हापासून सगळे तसंच करायचे म्हणे. घाटमाथ्यावर आलं की न्यूट्रल, चावी बंद, आणि गाडी सोडून द्यायची. वाईपर्यंत फुकट. गिअरमध्ये असती तर इंजिनने गाडी धरून ठेवली असती. न्यूट्रलमध्ये सगळं वजन ब्रेकवर. वर आठ जणांचं नाही तरी सहा जणांचं ओझं आणि वळकटी. ड्रम तापले, पॅडल खाली गेलं. ब्रेक फेल झाला नव्हता, मामांनी त्याला तिथवर नेला होता. आणि मामींना हे आजवर ठाऊक नव्हतं. (मामींना आता ठाऊक आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय. त्या फक्त "मला तेव्हाच शंका आली होती" एवढंच म्हणाल्या.)

मामांना दोष देत नाही. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ही सवय गेलेली नाही. २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवा. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर साताऱ्याकडून आलेल्या ट्रकने दोन डझनांवर गाड्या ठोकल्या. टीव्हीवर पहिली पट्टी 'ब्रेक फेल'. नंतर तपासात पुढं आलं की चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं, डिझेल वाचवायला. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद, हवा भरणं बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, गिअरची पकड नाही. मामांनी फियाटमध्ये जे केलं तेच, फक्त कितीतरी पट वजनाने. ती पहिली पट्टी सगळ्यांच्या लक्षात राहिली, नंतरचा तपास किती जणांच्या? आम्हा पत्रकारांच्या तरी?

मला वाटतं 'ब्रेक फेल' या दोन शब्दांनी सगळ्यांचीच सोय होते. चालकाची, मालकाची, रस्ता बांधणाऱ्याची, तपास करणाऱ्याची, आणि बातमी लिहिणाऱ्याची. दोष एका लोखंडी वस्तूवर टाकला की माणसांना विचारायला नको. गाडी किती भरली होती, लायनर कधी बदललं होतं, चालक किती तास झोपलेला नव्हता, उताराच्या आधी गिअर टाकायला सांगणारी पाटी होती का.

बरं, पॉवर ब्रेकचं काय झालं? सांगतो, कारण आपल्या ग्रुपमध्ये जुन्या गाड्या जपणारे बरेच आहेत आणि सध्या जो तो बूस्टर बसवत सुटलाय.

मिस्त्रींचं पहिलं म्हणणं, नुसता बूस्टर बसवणार नाही. मामा वैतागले. पण कारण पटण्यासारखं होतं. त्या काळच्या फियाटचा पंप एकेरी. एकच दट्ट्या, एकच तेलाची वाट, तीच पुढं चार फाट्यांत वाटली जाते. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दुहेरी पंप सक्तीचा झाला, म्हणजे एक वाट फुटली तरी दुसरी निम्मा ब्रेक देते. मिस्त्री म्हणाले, साठ वर्षं जुन्या नळ्यांत तिप्पट दाब सोडायचा आणि पंप एकेरीच ठेवायचा, हे मी करणार नाही, दुसरा मिस्त्री बघा. आधी सगळ्या नळ्या आणि होज नवे, मग दुहेरी पंप, मग बूस्टर. पुढं डिस्क बसवता आली तर उत्तम. कारण बूस्टर पायाचा जोर वाढवतो, ड्रमची उष्णता घालवत नाही. उलट ब्रेक हलका लागला की माणूस जास्त वेळ पाय ठेवून बसतो आणि ड्रम आणखी तापतो. हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शिवाय डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून डिस्क आणि बूस्टर ही जोडी. पुढं डिस्क आणि मागं ड्रम केलं तर दोन्हीकडचा दाब जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते.

डिझेल इंजिन टाकलेल्या अँबेसिडर आणि जीपवाल्यांनी एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवा. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये आपसूक व्हॅक्यूम तयार होतो, कारण थ्रॉटल हवा अडवतो. डिझेलमध्ये तसा अडथळा नसतो, म्हणून व्हॅक्यूमही नसतो. तिथं पाठीमागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बसवावा लागतो. नुसती नळी मॅनिफोल्डला जोडून 'पॉवर ब्रेक' केलेल्या दोन डिझेल जीप मिस्त्रींनी पाहिल्यात म्हणे. मालक खूश होते. ब्रेक हलका लागतोय असं त्यांना वाटतसुद्धा होतं!

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल कडक भूमिका घेतली. दुसरीकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पण ती गाडी रोज वापरता येत नाही. म्हणजे व्हिंटेज नंबर हवा असेल तर मूळ स्वरूप सांभाळा, रोज चालवायची असेल तर साधी फेरनोंदणी करा. आम्ही काम सुरू करण्याआधी आरटीओला लेखी अर्ज दिला, आणि काढलेले जुने ड्रम, जुना पंप, सगळं मामांच्या माळ्यावर गोणीत बांधून ठेवलंय. उद्या कुणाला परत मूळ करायची असेल तर करता यावी.

जाता जाता एक गोष्ट, जी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिरजेहून रात्री कराडला परत येताना रोज उसाचे ट्रॅक्टर लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस वीस हात उंच वाटावा असा रचलेला. ट्रॅक्टरचा ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. ट्रॉल्यांना बहुतेक ठिकाणी ब्रेकच नाही. कित्येकांना मागं साधा रिफ्लेक्टर नाही. उतारावर त्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून ढकलत असतात, आणि वर सीटवर विशीतलं पोरगं, मोठ्यानं गाणी लावून. ट्रॉलीला ब्रेक बसवणं हे काही अवघड तंत्रज्ञान नाही, आपल्या पट्ट्यातली कुठलीही फौंड्री आणि कुठलाही मिस्त्री हे करून देईल. हौशीच्या फियाटला आम्ही तीन महिने खपून दुहेरी पंप बसवला. हंगामभर रस्त्यावर असणाऱ्या ट्रॉलीला एकेरी पण नाही. दरवर्षी गाळप सुरू होण्याआधी रिफ्लेक्टर वाटपाचे फोटो येतात, मीच छापतो. ब्रेक तपासणीचा फोटो मला आजवर कुणी पाठवला नाही. यंदा हंगामाआधी कारखान्यांच्या शेती विभागांना आणि आरटीओला हा एकच प्रश्न लेखी विचारणार आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

गेल्या रविवारी गाडी मिळाली. मिस्त्रींनी मामांना तपासायची पद्धत शिकवली, तुम्हीही तुमच्या गाडीत करून बघा. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवायचा आणि चावी फिरवायची. बूस्टर धड असेल तर इंजिन सुरू होताच पॅडल पायाखाली आपसूक थोडं खाली जातं. मामांनी केलं. पॅडल खाली गेलं तसे ते दचकले, मग हसले, मग परत केलं. असं सहा-सात वेळा केलं. शेवटी मिस्त्री म्हणाले, काका, बॅटरी उतरंल.

पुढच्या महिन्यात पाचगणीला जायचं ठरतंय. मामी येणार म्हणतायत, पण त्यांची अट आहे, उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि त्यांनी पुढच्या सीटवर बसायचं, चावीवर नजर ठेवून.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या डॉज-फार्गो ट्रकचे, नाहीतर सातारा रोडच्या कूपर कारखान्याचे फोटो असतील तर जरूर पाठवा. आणि घाट उतरताना इंजिन बंद करणारे काका, मामा, आजोबा तुमच्याकडेही असतीलच. जरा विचारून बघा.